गवत वाफवण्याची पेटी: दमा जडलेल्या निवृत्त रेसच्या घोड्यासाठी घ्यावी का, आणि कोणती

झाकणाचा बंद पेटारा, शेजारी पाणी उकळणारा बॉयलर, दोघांना जोडणारी जाड नळी आणि पेटाऱ्याच्या तळाशी वाफ सोडायची सोय. वाळलेलं गवत वाफवण्याचं यंत्र म्हणजे एवढंच. विकणारे ते ‘दम्यावरचा उपाय’ म्हणून खपवतात आणि पहिली गल्लत तिथेच होते. पेटी गवत सुधारते, घोड्याचं फुप्फुस नाही. मात्र ज्या घोड्याला दमा जडला आहे त्याचं निम्मंअधिक औषधपाणी म्हणजे त्याच्या नाकात धूळ जाऊ न देणं, आणि ही धूळ बहुतेक गवतातूनच येते. त्यामुळे पेटी चैनीची वस्तू नाही, पण कुठलीही पेटी चालेल असंही नाही.

मत आधीच सांगून टाकतो. तळात वाफेचे सुळे (गवतात घुसणाऱ्या, छिद्रांच्या पोकळ नळ्या) असलेली, घोड्याच्या खाण्याच्या मानाने पुरेशी मोठी आणि वेगळ्या थर्मामीटरने तपासून घेतलेली पेटी असेल तर जरूर घ्यावी. नुसती तळातून वाफ सोडणारी पेटी किंवा घरी जुगाड केलेला डबा वापरण्यापेक्षा गवत पाण्यात बुडवून दिलेलं बरं.

रेसच्या घोड्याचं वेगळेपण

थरोब्रेड, म्हणजे रेससाठी जोपासलेल्या जातीचा घोडा, दोन वर्षांचा झाला की ट्रेनिंगला लागतो. तिथून पुढची काही वर्षं दिवसाचे बावीस-तेवीस तास बंद बॉक्समध्ये, म्हणजे पागेतल्या त्याच्या खोलीत, पायाखाली पेंढा आणि नाकाच्या उंचीला टांगलेली गवताची जाळी. जाळीत तोंड खुपसून गवत ओढताना उडणारी धूळ थेट नाकपुड्यांसमोर राहते. तेच गवत जमिनीवर टाकलं तर ती कितीतरी कमी जाते. तरुण रेसच्या घोड्यांत श्वासनलिकांचा सौम्य दाह सर्रास सापडतो, आणि जिवाच्या आकांताने पळताना फुप्फुसातल्या केशवाहिन्या फुटून रक्त येणं हेही नेहमीचंच. अशा प्रत्येक घोड्याला पुढे दमा होतोच असं नाही. पण तीव्र दमा साधारण सात वर्षांच्या पुढे डोकं वर काढतो, म्हणजे नेमका निवृत्तीनंतर, जेव्हा घोडा नव्या मालकाकडे गेलेला असतो आणि ‘जरा खोकतो, पण तसा ठीक आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

जुन्या कागदपत्रांवर ‘हीव्ज’, ‘सीओपीडी’ किंवा ‘आरएओ’ असं काही लिहिलेलं दिसलं तर तो याच आजाराचा तीव्र प्रकार समजावा. २०१६ पासून सौम्य ते तीव्र अशा सगळ्या पायऱ्या पशुवैद्यक ‘घोड्यांचा दमा’ या एकाच नावाखाली धरतात. ओळखायची खूण कुशीवर असते. श्वास सोडताना पोट दोनदा आत जातं, दुसऱ्या वेळी मुद्दाम जोर लावल्यासारखं, आणि महिनोन्‌महिने तसं झालं की बरगड्यांच्या कडेने स्नायूंची तिरकी खाच उमटते. खाच दिसायला लागली म्हणजे दुखणं जुनं आहे.

धूळ म्हणजे डोळ्यांना दिसते ती नव्हे. दिसणारी माती नाकातच अडकते. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची धूळ: ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू, उष्णता मानवणारे ॲक्टिनोमायसीट जिवाणू, गवतातल्या किडींचे अवशेष. गवत पुरतं वाळायच्या आधी, वीस टक्क्यांच्या आसपास ओल असताना गासडी बांधली की ती आतून तापते आणि ही सगळी मंडळी वाढतात. बाहेरून मात्र गासडी हिरवट, खुसखुशीत, वासाला गोड. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप येत असेल तर गासडीचा एक पदर तिच्यात धरून हाताने दोनदा झटकून बघावा. उन्हात जो धूर तरंगत राहतो आणि खाली बसायचं नाव घेत नाही, तोच घोड्याच्या छातीत जातो. नीट वाफवलेल्या गवताचा पदर त्याच तिरपेत धरला तर काही मोजके जड कण खाली पडतात आणि हवा स्वच्छ राहते.

वाफेने दोन गोष्टी होतात. बारीक कण ओलसर होऊन काडीला चिकटतात, आणि पुरेशी उष्णता पोचली तर बुरशी आणि जिवाणू मरतात. फुप्फुसात जाणारी धूळ नव्वद टक्क्यांहून जास्त घटते. पाण्यात बुडवल्यानेही धूळ जवळपास तितकीच बसते, हे पेटी विकणारे सहसा बोलत नाहीत. फरक जिवाणूंचा आहे. भिजलेल्या गवतात ते मरायचे सोडून वाढतात, आणि पाण्यासोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस वाहून जातात. शिवाय भिजवलेलं गवत गव्हाणीत सुकलं की पुन्हा धूळ सोडू लागतं. तरीही एकच घोडा असेल आणि वीज बेभरवशाची असेल तर दहा ते तीस मिनिटं गवत पूर्ण बुडवून, निथळून, ओलं असतानाच खाऊ घालणं हा कमीपणाचा मार्ग अजिबात नाही.

तीन घडणी

पहिली घडण सुळ्यांची. तळाच्या पत्र्यावर थोड्या थोड्या अंतराने पोकळ, छिद्रं पाडलेले सुळे उभे असतात. गासडी त्यांच्यावर दाबून बसवायची, म्हणजे वाफ थेट गवताच्या पोटात सुटते आणि आतून बाहेर येते. गासडीच्या मधला भाग सगळ्यात घट्ट, म्हणून तापायला सगळ्यात अवघड. सुळे नेमकी तीच अडचण सोडवतात.

दुसऱ्या घडणीत तळाशी नुसती छिद्रांची नळी किंवा जाळी असते. वाफ सोपी वाट शोधते. गासडी आणि पेटाऱ्याची भिंत यांच्यातल्या फटीतून ती वर जाते, झाकणाखाली साचते, आणि झाकणातला तापमानाचा काटा थाटात ९५ अंश दाखवतो. गासडीच्या मधोमध मात्र ५०-६०. हे अर्धवट तापमान न तापवण्यापेक्षा वाईट. ऊब आणि ओल दोन्ही मिळाल्यावर उष्णताप्रिय जिवाणूंची चंगळ होते.

तिसरी घडण घरगुती: चाकांचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला भोक, भोकातून भिंतीचा कागद सोलायच्या यंत्राची वाफ. किंवा केटल. स्वस्त पडतं म्हणून मोह होतो. केटलची वाफ वापरून केलेल्या चाचण्यांत जिवाणू घटायच्या ऐवजी वाढलेले आढळले आहेत, आणि कारण वर सांगितलं तेच. धूळ थोडी बसते, खोकला थोडा कमी होतो, मालकाला वाटतं काम झालं. शिवाय हे डबे शंभर अंशांसाठी बनवलेले नसतात; महिन्याभरात तळ वाकतो आणि झाकण बसेनासं होतं.

पेटाऱ्याची भिंत दुहेरी असावी, मध्ये उष्णतारोधक थर हवा. एकेरी पत्र्याच्या पेटीत बाहेर हवा थंड असली की भिंतीलगतचं गवत कधीच तापत नाही आणि त्याच पट्ट्यात दोन दिवसांनी पांढरी बुरशी दिसते.

एक खेप कशी लावायची

गवत आधी कोरडं असताना वजन करून घ्या. वाफवल्यावर दहा किलोच्या गासडीत सातशे ग्रॅम ते किलोभर पाणी मुरतं, म्हणजे नंतर तोललं तर घोड्याला रोज तेवढं कमी मिळेल. रेसचा घोडा उतरत्या वयात चटकन वाळतो, त्याच्या बाबतीत ही चूक परवडत नाही.

बॉयलरमध्ये पाणी भरा. २ किलोवॅटचा बॉयलर ४ लिटर पाण्याला साधारण अकरा-बारा मिनिटांत उकळी आणतो आणि त्यानंतर ताशी तीन लिटरच्या आसपास पाण्याची वाफ करतो. एका तासाच्या खेपेला अडीच लिटर पाणी आणि दोन युनिट वीज लागते असं धरून चाला. दहा किलो गवत खोलीच्या तापमानापासून शंभरापर्यंत न्यायला खरं तर ६००-७०० मिलिलिटर पाण्याची वाफच पुरते. उरलेली पेटाऱ्याचं अंग तापवण्यात आणि फटींतून निसटण्यात जाते. म्हणून काटा वर चढत नसेल, तर बॉयलरला दोष देण्याआधी झाकणाची रबरी पट्टी बघा.

गासडी सुळ्यांवर ठेवून अंगाचा भार देऊन दाबा. सुती किंवा प्लॅस्टिकची दोरी तशीच राहू द्या. दोरी कापली की पदर सुटतात आणि त्यांच्या मधून वाफेला पळवाट मिळते. सुटं गवत किंवा भरलेली जाळी ठेवायची असेल तर ती सपाट, सारख्या जाडीची करून पेटाऱ्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवा. ठासून भरू नका, पण कोपरे रिकामेही ठेवू नका.

झाकण लावा, बॉयलर सुरू करा. गासडीच्या मध्यभागी काटा ८० ओलांडेपर्यंत थांबा आणि तिथून पुढे आणखी दहा मिनिटं द्या. पूर्ण गासडीला एकूण पन्नास मिनिटं ते तास लागतो. काटा शंभराला टेकत नाही म्हणून हैराण होऊ नका. दीड हजार मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं.

झाकण उघडताना तोंड बाजूला, हात कोपरापर्यंत झाकलेले. आतून येणाऱ्या लोटाने चांगलं भाजतं. वास ताज्या चहाच्या चोथ्यासारखा येतो, काडी मऊ आणि गडद झालेली असते, तळातून तपकिरी पाणी टपकतं. मधला पदर उलगडून हात घाला: तिथेही गवत कडेइतकंच गरम आणि दमट लागलं तर खेप जमली. मध्यभागी कोरडी, कडक काडी हाताला लागली तर ती खेप दम्याच्या घोड्याला देऊ नका, पुन्हा पूर्ण वेळ लावा.

वीस मिनिटं निववा आणि कोमट असतानाच घोड्यासमोर टाका, जमिनीवर, रबरी चटईवर. मान खाली घालून खाताना नाकातला आणि श्वासनलिकेतला कफ आपोआप उतरतो. जाळीत टांगून दिलं तर पेटीवर केलेल्या खर्चातला बराचसा फायदा तिथेच गमावला.

जिथे हटकून बिघडतं

पेटीबरोबर आलेला काटा एकाच जागी असतो, बहुधा झाकणात. त्याच्यावर विश्वास ठेवून वर्षानुवर्षं अर्धवट वाफवलेलं गवत देणारे पुष्कळ आहेत. फूटभर लांब दांडीचा थर्मामीटर घ्या आणि खेप संपताच पाच ठिकाणी खुपसून बघा, चार कोपरे आणि मध्य. नवी पेटी आणल्यावर पहिल्या आठवड्यात रोज, नंतर महिन्यातून एकदा. एखादा कोपरा सतत मागे राहत असेल तर त्या बाजूच्या सुळ्याची छिद्रं गवताच्या तुसांनी बुजलेली असतात. तारेने मोकळी करायची.

नळीचा झोळ हा सगळ्यात दुर्लक्षित दोष. बॉयलर आणि पेटारा यांच्यामधली नळी मध्ये लोंबत असेल तर त्या खोलगट भागात वाफेचं पाणी साचतं आणि वाटच अडते. गुडगुड आवाज येऊ लागला की समजावं. नळी पेटाऱ्याकडून बॉयलरकडे सलग उताराची असावी, म्हणजे साचलेलं पाणी परत बॉयलरमध्ये जातं.

विजेचं म्हणाल तर २३० व्होल्टवर २ किलोवॅटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. पागेत लांबून, बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवरून वीज आणली तर शेवटाला २०० व्होल्टच पोचतात आणि हीटरची ताकद सुमारे पाव हिश्शाने घटते. तासाची खेप मग तासाची राहत नाही. गुंडाळलेलं रीळ तसंच ठेवून वापरलं तर तार तापून वितळते, तीही सुक्या गवताशेजारी. तार पूर्ण उलगडा, बोर्ड जमिनीपासून वर टांगा, आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर असल्याशिवाय ओल्या फरशीवर बॉयलर चालवू नका. वीज मध्येच गेली तर राहिलेली मिनिटं पुरी करून भागत नाही. गवत थंड झालेलं असतं, खेप पहिल्यापासून लावायची.

जड पाण्याच्या भागात बॉयलरमधल्या तापणाऱ्या कॉइलवर क्षार चढतात. थर जाड झाला की उष्णता पाण्यात न जाता कॉइलमध्येच राहते आणि सुरक्षेचा थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो. लोक म्हणतात ‘कॉइल गेली’, पण ती गेलेली नसते. लिंबूसत्त्व टाकलेलं कोमट पाणी अर्धा तास ठेवून, दोनदा साध्या पाण्याने उकळून ओतून टाकलं की बहुतेक वेळा काम भागतं. तळातलं तपकिरी पाणी रोज काढा. त्यात साखर असते, दुसऱ्या दिवशी ते आंबतं आणि त्याच्यावरून गेलेली वाफ गवताला आंबूस वास लावते. घोडा गवत हुंगून मागे सरतो तेव्हा कारण बहुधा हेच. सुगंधी साबणाने पेटारा धुतला तरीही तो खाणार नाही.

पेटी पागेच्या आत ठेवू नका. आडोशाच्या, हवेशीर छपराखाली ठेवा. बंद तबेल्यात रोज दोन-अडीच लिटर पाण्याची वाफ सोडली तर आढ्याला बुरशी धरते. शिवाय वाफेच्या फुसकाऱ्याला रेसचा घोडा बिचकतो. काहींना सवय व्हायला आठवडा लागतो, काहींना होतच नाही.

भुकेचं वेळापत्रक आणि पेटीचा आकार

खरेदी करताना लोक पेटीचा आकार जागेवरून ठरवतात. तो घोड्याच्या पोटावरून ठरवायला हवा. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकं खाद्य लागतं, म्हणजे साडेआठ ते अकरा किलो वाळलं गवत. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झरतं, तो खात असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चघळतानाच येते. ट्रेनिंगमधल्या बहुसंख्य रेसच्या घोड्यांना जठरात व्रण असतात आणि निवृत्तीनंतरही काहींचा तो त्रास डोकं वर काढतो. अशा घोड्याची गव्हाण चार-पाच तासांपेक्षा जास्त रिकामी राहता कामा नये. पेटीत गवत वाफवलं जातंय आणि घोडा उपाशी उभा आहे, हे चित्र रोजचं झालं तर दमा आवरता आवरता पोट बिघडेल.

दुसरीकडे वाफवलेलं गवत साठवताही येत नाही. दमट, गरम हवेत बारा तासांच्या आत आणि थंडीत चोवीस तासांच्या आत ते संपायला हवं. झाकण लावून ‘ताजं राहील’ म्हणून पेटीत ठेवलेलं गवत तर सगळ्यात आधी खराब होतं.

दोन्ही गोष्टी जुळवल्या की हिशेब सुटतो: एका घोड्याला सहा किलो गवत मावेल अशी पेटी आणि दिवसाला दोन खेपा. संध्याकाळची खेप मोठी, सहा किलोच्या आसपास, कारण रात्र लांब. सकाळची चार किलोची, पहाटे साडेचारला टायमरवर सुरू होणारी. गवत रात्रीच भरून ठेवायचं, बॉयलर पाण्याने भरलेला, आणि पाणी संपलं की आपोआप बंद होणारा असलाच पाहिजे. दोन-तीन घोडे असतील तर त्या मानाने मोठी पेटी, पण तीही दोनदा. एकदाच मोठी खेप काढून दिवस भागवायचा बेत उन्हाळ्यात फसतो.

घोडा सुरुवातीला नाक मुरडेल. पहिल्या दिवशी पाव हिस्सा वाफवलेलं आणि बाकी पाण्यात भिजवलेलं द्या, आणि पाच-सहा दिवसांत प्रमाण वाढवत न्या. ‘सवय होईपर्यंत थोडं कोरडं’ हा सौदा दम्याच्या घोड्याशी करू नये.

पेटीकडून मागू नये ते

खराब गवत वाफवून चांगलं होत नाही. बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेली विषं शंभर अंशांना दाद देत नाहीत. बोट्युलिझमचे बीजाणूही या तापमानाला मरत नाहीत. काळे डाग, कुबट वास किंवा आतून तापलेली गासडी असेल तर ती फेकायची.

साखर फारशी कमी होत नाही. उतारवयात रेसच्या घोड्याला कुशिंगसारखा पिट्यूटरी या मेंदूतल्या ग्रंथीचा विकार किंवा इन्शुलिनची तक्रारही जोडीला असू शकते, खूर तापण्याची, म्हणजे खुराच्या आत दाह होण्याची, भीती असते. तिथे गवत आधी पाण्यात बुडवून साखर उतरवावी लागते आणि मग वाफवून वाढलेले जिवाणू मारावे लागतात. क्रम उलटा चालत नाही. भिजवल्यावर नीट निथळू द्या, नाहीतर त्या ओझ्याला तापवण्यात वाफ संपेल आणि खेप दीड तासावर जाईल.

वाफेने पचणारी प्रथिनं थोडी घटतात. अंगावर मांस न धरणाऱ्या घोड्याला चंदीत लसूणघासाच्या गोळ्या भिजवून द्या किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सोयापेंड वाढवा. चंदीही कोरडी नको. ओट्सच्या भरड्याची धूळ गवतापेक्षा गरीब नसते.

काही घोड्यांचा दमा उलट्या बाजूचा असतो: पागेत बरे, पण उष्ण-दमट दिवसांत कुरणावर सोडले की धापा टाकतात. त्यांना कुरणातले परागकण आणि बुरशी बाधते. त्यांना आत घ्यावं लागतं आणि तेव्हाच पेटी कामाला येते.

आणि शेजारी. दम्याच्या घोड्याला वाफवलेलं गवत आणि बाजूच्या बॉक्समध्ये कोरडी जाळी, खाली पेंढा. हवा दोघांची एकच. ही व्यवस्था इतक्या ठिकाणी दिसते की पेटीबद्दलच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच असावं असं वाटतं. एका छपराखाली सगळ्यांचं गवत ओलं किंवा वाफवलेलं हवं. पेंढ्याच्या जागी रंध्याचे धूळ काढलेले छिलके किंवा कागदाचे तुकडे. झाडलोट आणि अंथरूण पालटणं घोडा बाहेर असताना, आणि तो परत येण्याआधी किमान तासभर धूळ खाली बसायला. वर माळ्यावर गवत साठवलेलं असेल तर पेटी घेण्याआधी तो माळा रिकामा करा.

फरक पडला हे कसं कळणार

खोकल्यावर भरवसा ठेवू नका. तीव्र दम्याचे काही घोडे फारसे खोकतच नाहीत. श्वास मोजा. रोज एकाच वेळी, संध्याकाळच्या वैरणीआधी, बॉक्सच्या बाहेर उभं राहून कुशीकडे बघा आणि तीस सेकंद मोजून दुप्पट करा. विश्रांतीत निरोगी घोड्याचे मिनिटाला आठ ते सोळा श्वास असतात. उन्हाळ्यात आकडा चढतो, म्हणून त्याच छपराखालच्या एखाद्या धडधाकट घोड्याचाही आकडा शेजारी लिहा. फरक त्यातून दिसतो. थंड वेळीही वीसच्या वर राहत असेल तर पशुवैद्यकाला दाखवा. उभ्या जागी नाकपुड्या फुगलेल्या आणि खाणं सुटलेलं असेल तर त्याच दिवशी, वाट न बघता.

पहिल्या आठवड्यात काही दिसणार नाही. धूळ खरंच बंद झाली तर दोन ते चार आठवड्यांत श्वास उतरतो. आतली सूज त्याहून जास्त काळ राहते, म्हणून बरं दिसायला लागताच कोरडी जाळी परत टांगू नये. धुळकट गवताची एक रात्र काही तासांत सगळं मागे नेते. अजून एक गोष्ट: बहुतेक घोड्यांना सुरुवातीला पशुवैद्यक स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देतात, आणि द्यायलाच हवं. त्याच काळात पेटी आली तर सुधारणेचं श्रेय पेटीला मिळतं. पेटीची खरी परीक्षा वैद्यकाने औषध उतरवत नेल्यावरच्या महिन्यात होते. वहीतला आकडा तेव्हाही तिथेच राहिला तर पेटी काम करते आहे.

विकत घेताना आपली गासडी आणि आपला लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन जा आणि तासभर चालवून दाखवायला सांगा. सुळ्यांचा पत्रा उचलून बाहेर काढता येतो का बघा. येत नसेल तर त्याखालचा गाळ कधीच निघणार नाही. निचऱ्याची तोटी खरोखर सर्वांत खालच्या बिंदूला आहे का, की दोन बोटं वर, हेही वाकून बघा. रबरी पट्टी, कॉइल, थर्मोस्टॅट आणि नळी सुटी मिळतात का ते विचारा. पट्टी सगळ्यात आधी जाते, तेव्हा पेटीबरोबरच एक जास्तीची घेऊन ठेवा.